वडोदऱ्यात घरच्या गॅरेजमध्ये किट आणून, एकट्याने, दोन सीटचं विमान बांधता येईल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं. टाटांचा सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना आपल्या गावात आल्यापासून तुमच्या डोक्यात हे घोळतंय, बंगल्याला गॅरेज आहे, फिटिंगचं काम येतं, 'कुणाची मदत घ्यायची नाही, सगळं एकट्याने करायचं', तर किती वर्षं लागतील. आणि अमेरिकेतली ती विमानाची किटं विकणारी व्हॅन्स कंपनी बुडाली म्हणतात ते खरं का.

बाकीचं नंतर. 'एकट्याने' हा शब्द वाचला आणि रात्री साडेअकराला चष्मा शोधून लिहायला बसलो.

मी कलाभवनात शिकलो आणि मकरपुरा जीआयडीसीत टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली. मला विमान उडवता येत नाही, उडवायची हौसही नाही. पण अमेरिकेत ओहायोमध्ये आज एक आरव्ही-७, म्हणजे त्याच व्हॅन्सच्या किटचं दोन सीटचं विमान, उडतं, त्याच्या शेपटीतले निम्मे रिव्हेट माझ्या हातचे आहेत. विमान आमच्या साडूंचं. हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान, मूळचे रावपुऱ्यातले, तिकडे डेटनला कॉम्प्युटरमध्ये नोकरी. डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव, तेव्हा तिथे राहून माणसाला हे वेड लागलं तर नवल नाही. पायलटचं लायसन त्यांनी आधीच काढलं होतं.

शेपटीचं किट त्यांनी २०१८ मध्ये मागवलं. ही किटं टप्प्याटप्प्याने येतात: आधी शेपूट, मग पंख, मग धड, मग फिनिशिंग. शेपूट आधी अशासाठी की त्यात माणसाचा हात बसतो आणि हौस खरी की खोटी तेही कमी पैशात कळतं. साडूंनी खोका उघडून नारळ वगैरे फोडला. मग जे जे एकट्याने होतं ते सगळं केलं. भोकांच्या बर, म्हणजे कडेची बोचरी धार, काढल्या, रिव्हेटचं डोकं सपाट बसावं म्हणून भोकांभोवती डिंपल पाडले, प्रायमर मारला, क्लेको, म्हणजे रिव्हेटच्या जागी तात्पुरत्या लावायच्या पिना, लावून सांगाडा उभा केला. हे सगळं तीन महिन्यांत. त्यानंतर ती शेपूट वर्षभर गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी होती, वर चादर घालून. मेहुणी तिला 'पाहुणी' म्हणायची.

का? तर रिव्हेटला दोन बाजू असतात. पत्र्याच्या अलीकडे एक माणूस रिव्हेटच्या डोक्यावर ठोकणारी गन घेऊन, पलीकडे दुसरा दांडीचं टोक चेपायला डॉली धरून. तिकडे डॉलीला बकिंग बार म्हणतात, ठोकळा तोच. कडेचे रिव्हेट स्क्वीझरने एकट्याला दाबता येतात. मधल्या ओळींपर्यंत स्क्वीझर पोचत नाही आणि दोन्ही बाजूंना एकदम पोचेल एवढा माणसाचा हात लांब नसतो. अमेरिकेत हे काम बायको करते, शेजारी करतो, शाळकरी मुलगी करते. मेहुणीने दोन रविवार केलं, मग मनगट दुखतंय म्हणून सोडलं. खरं कारण साडूंचा स्वभाव, पण ते इथे नको.

२०१९च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं तिकडे गेलो. मी गॅरेजमध्ये पाय ठेवला, चादर ओढली, हत्यारं पाहिली, आणि खोटं कशाला बोलू, निवृत्तीनंतर पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आत आम्ही सरावाच्या पट्टीवर वीस रिव्हेट मारले होते. गन माझ्याकडे, डॉली साडूंकडे. कानाला मफ, त्यामुळे बोलणं बंद. डॉली बसली की ते पत्र्यावर दोनदा टकटक करणार, मग मी ट्रिगर दाबणार. मी सोडल्याशिवाय त्यांनी डॉली उचलायची नाही, उचलली तर पत्र्याला पोचा. महिनाभरात असा ताल बसला की गणपतीच्या आरतीत टाळवाला आणि ढोलकीवाला एकमेकांकडे बघत नाहीत तसं चाललं होतं. उभा स्टॅबिलायझर, म्हणजे शेपटीचा उभा पंख, झाला, त्याच्या मागे जोडायचं रडर झालं.

मग आली वटपौर्णिमा. तारीख लक्षात आहे कारण घरात दोघी बहिणी कुंडीतल्या फायकसला दोरा गुंडाळत होत्या, ओहायोत वड कुठून आणणार. गॅरेजमध्ये आम्ही आडव्या स्टॅबिलायझरच्या मागच्या स्पारवर, म्हणजे आतल्या तुळईवर, होतो. तिथे गोल डोक्याचे, एक सुताचे, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचे, रिव्हेट. तुम्ही फिटर आहात म्हणून सुतात सांगतो: एक सुताच्या रिव्हेटचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, चेपल्यावर दीड सूत रुंद आणि अर्धं सूत उंच झालं पाहिजे. गेज लावून बघायचं, डोळ्यावर विश्वास नाही.

तो एक रिव्हेट बिघडला. कसा, त्यावरच सहा वर्षांचं भांडण आहे. शेपूट एका बाजूला कललं होतं, पाय घसरलेल्या माणसासारखं. शेपूट कलतं ते डॉली तिरपी धरल्याने, हे मी नवीन सांगत नाही, कुठलाही डॉलीवाला सांगेल. साडूंनी रिव्हेट उलट्या बाजूने बघितला. डोक्याच्या कडेला नखाएवढी चंद्रकोर उमटली होती. ती उमटते गनचा स्नॅप, म्हणजे डोक्यावर बसणारा ठसा, कलला की. म्हणजे माझ्याकडून. ते काही बोलले नाहीत, फक्त बोटाने दाखवलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "राहू दे, दादा. एवढं चालतं. काढायला गेलो तर जास्त बिघडेल."

मी म्हणालो, "साडूभाऊ, ३४ वर्षांत असा माल माझ्या टेबलावरून पास झाला नाही."

आता तुम्हाला सांगतो, आणि हे लिहायला मला सहा वर्षं लागली: नियम त्यांच्या बाजूचा होता. थोडा वाकडा रिव्हेट आणि वाकडं भोक यांतलं एक निवडायचं तर वाकडा रिव्हेट निवडायचा. स्पारवर एका ओळीत पन्नास रिव्हेट असतात, एक नव्वद टक्के ताकदीचा असला तर बाकीचे त्याला सांभाळून घेतात. भोक अंडाकृती झालं तर ते कुणीच सांभाळत नाही. टूलरूममध्ये हा हिशोब नसतो. तिथे एक पार्ट म्हणजे एक पार्ट, पास किंवा भंगार.

मी ड्रिल उचललं. या रिव्हेटच्या डोक्याच्या मधोमध कारखान्यातूनच एक बारीक खळगा येतो, ड्रिलचं टोक त्यात ठेवायचं, डोक्याच्या जाडीएवढंच खाली जायचं, मग पंचने डोकं उचकटायचं आणि उरलेली दांडी मागून आधार देऊन ठोकून काढायची. मी हे हजारदा केलंय. पण रागात कधी केलं नव्हतं. टोक खळग्यातून सरकलं, डोक्याच्या खाली गेलं आणि स्पारच्या पत्र्यात घुसलं. डोकं अंगठीसारखं ड्रिलवर चढून आलं. दांडी निघाली. भोक पाहिलं तर दोन बाजूंना लांबट, उडदाच्या दाण्याएवढं.

पुढच्या मापाचा रिव्हेट बसला असता. पण रिव्हेटच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर लागतं, आणि भोक कडेच्या बाजूलाच ओढलं गेलं होतं. ईएए ही हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना, तिच्या तिथल्या चॅप्टरचा, म्हणजे शाखेचा, एक म्हातारा संध्याकाळी बघायला आला. असे लोक फुकट येतात. स्वतः विमानं बांधलेली असतात, गॅरेजमध्ये येऊन टॉर्च मारून बघतात, चूक सांगतात, कॉफी पिऊन जातात. एक पैसा घेत नाहीत. आपल्याकडे सोसायटीत नळ गळतो म्हणून शेजारी येत नाही. त्याने पट्टी लावून मोजलं आणि नवा स्पार मागवा म्हणाला. किंमत फार नव्हती. पण आधीचे सगळे रिव्हेट काढायचे, आणि पार्ट यायला तीन आठवडे.

ते तीन आठवडे घरात काय वातावरण होतं ते विचारू नका. दोघी बहिणी एका बाजूला झाल्या, म्हणजे आमच्या दोघांच्या विरुद्ध. जुलैमध्ये साडूंनी आधीच ठरवलेलं म्हणून आम्ही ऑशकॉशला गेलो. डेटनहून गाडीने आठ तास. मी त्यांतले सहा तास खिडकीबाहेर बघत होतो.

ऑशकॉश म्हणजे या लोकांची पंढरी. १९५३ मध्ये मिलवॉकीत पॉल पोबेरेझ्नींनी मूठभर हौशी लोकांना घेऊन ईएए काढली, १९७० पासून मेळा विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला भरतो. २०१९चा तिथला सलग पन्नासावा होता. त्या आठवड्यात तिथल्या कंट्रोल टॉवरवर जगात सगळ्यात जास्त गर्दी असते. पण मला विमानांपेक्षा माणसं बघायला आवडलं. पंखाखाली तंबू ठोकून लोक झोपतात. बर्ट रुटानने आखलेल्या, फोमवर फायबरग्लास चढवलेल्या लाँग-ईझी विमानवाल्यांचा वेगळा घोळका, पत्र्यावाल्यांचा वेगळा. प्रायमर मारावा की मारू नये यावर दोन सत्तरीचे गृहस्थ खुर्च्या टाकून तासभर भांडत होते. अॅल्क्लॅड पत्र्याला वरून शुद्ध अॅल्युमिनियमचा थर असतोच, मग प्रायमर कशाला, हा एकाचा मुद्दा. दुसरा समुद्रकाठी राहणारा. कट्ट्यावरच्या निवृत्त लोकांत आणि त्यांच्यात मला काही फरक दिसला नाही.

तिथे पत्राकामाचा एक तंबू असतो, नवशिक्यांना रिव्हेट मारायला शिकवतात. शिकवणारा माणूस ऐंशीचा असावा. मी खिशातून दोन्ही तुकडे काढले, हो, मी बरोबर नेले होते, आणि साडूंना म्हणालो, विचारा याला, दोष कोणाचा. साडूंनी विचारलं. त्याने डोकं पाहिलं, चंद्रकोरीवरून नख फिरवलं. शेपूट पाहिलं, कललेल्या बाजूला अंगठा लावला. मग आमच्याकडे बघून एकच प्रश्न केला: ड्रिल कोणी धरलं होतं?

साडू तेव्हा हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. रात्री तंबूत हसले.

तर तुमचं 'एकट्याने'. पुढचं काम साडूंनी माझ्याशिवाय केलं. मी सप्टेंबरमध्ये परत आलो, मग कोविड. पण एकट्याने नाहीच. डॉली धरायला चॅप्टरमधली एक नर्स यायची, पंख चढवायच्या दिवशी अकरा माणसं आली होती आणि मेहुणीने सगळ्यांना शेवउसळ करून घातली. २०२३ मध्ये विमान उडालं. पहिले काही तास ठरावीक हद्दीतच उडवावं लागतं, इंजिन-प्रॉपेलरची जोडी प्रमाणित असेल तर २५, नाहीतर ४०. आतमध्ये ठळक अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल' लिहिलेलं. तिथला कायदा सांगतो की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी, करमणुकीसाठी केलेलं पाहिजे. ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात त्याला. पैसे देऊन करून घेतलेलं त्यात धरत नाहीत, साडूने फुकट केलेलं धरतात. ते सिद्ध करायला फोटोंची वही ठेवतात. साडूंच्या वहीत शेपटीच्या पानांवर सगळीकडे माझे हात आहेत. चेहरा एकाही फोटोत नाही. मी विचारलं तर म्हणाले, दादा, फोटो कामाचा काढायचा असतो. असो.

'किट म्हणजे काय, मुलांचा खेळ जोडल्यासारखं' असं आमचे एक नातेवाईक लग्नात म्हणाले होते. त्यांनी आयुष्यात पंखा टांगलेला नाही.

व्हॅन्सचं. बुडाली नाही. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये ऑरेगनमध्ये सुरू केली, अकरा हजारांच्या वर आरव्ही विमानं आतापर्यंत उडाली आहेत, घरी बांधलेल्या विमानांत एवढी दुसऱ्या कोणाची नाहीत. कोविडमध्ये ऑर्डरी तुंबल्या, तेव्हा पार्टांची भोकं नेहमीच्या पंचऐवजी लेसरने कापून घेतली. लेसरचं भोक दिसायला गुळगुळीत, पण कड भाजलेली, आणि कापायला सुरुवात केली तिथे बारीक खाच राहते. डिंपल पाडताना ती कड ताणली गेली की तडा. टूलरूममधल्या पोराला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्यात भाव आधीच ठरलेले आणि खर्च वाढलेला. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितलं, मालकांनी स्वतःचे पैसे कर्जाऊ घातले, जुन्या ग्राहकांना सुमारे तिसऱ्या हिश्शाने जास्त भाव मान्य करायला लावला, पार्ट बदलून दिले, आणि २०२४ मध्ये त्यातून बाहेर आली. आज किटं विकते. साडूंचं किट २०१८-१९चं, पंचने पाडलेल्या भोकांचं, म्हणून आम्ही त्यातून सुटलो. आमची भोकं बिघडवायला मी पुरेसा होतो.

सी-२९५शी याचा संबंध जोडू नका. ५६ विमानांपैकी १६ स्पेनहून तयार आली, ४० इथली, तिथे जिगा, तपासनीस, कागदपत्रं, सगळा लवाजमा. तुमच्याकडे गॅरेज आहे. रिव्हेट मात्र दोन्हीकडे सारखाच वागतो.

खाली कोणीतरी शिवकर तळपद्यांनी १८९५ मध्ये मुंबईत चौपाटीवर उडवलं म्हणतात ते विमान काढणार, म्हणून आत्ताच सांगतो. बंगळुरूच्या आयआयएससीतल्या पाच जणांनी १९७४ मध्ये त्याच्या पुराव्याला दाखवतात तो वैमानिकशास्त्र नावाचा ग्रंथ आकृत्यांसकट तपासला, तो विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातलं एकही विमान उडण्यासारखं नाही असं लिहून ठेवलं. अभिमान बाळगायचा तर कांदिवलीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचा बाळगा. ते २०१६ मध्ये बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात मांडलं होतं, डीजीसीएची, म्हणजे विमानांच्या सरकारी खात्याची, नोंदणी मिळाली २०१७च्या नोव्हेंबरमध्ये. मधल्या काळातल्या चकरा कोणी मोजल्या नसतील. म्हणून किट मागवायच्या आधी डीजीसीएला लेखी विचारा, नंतर नाही. माझं ज्ञान पत्र्यापुरतं, कायद्यासाठी माझ्यावर विसंबू नका.

वर्षांचं राहिलंच. आरव्ही-७ला दीड ते दोन हजार तास धरतात. आठवड्याला दहा तास दिले तर तीन ते चार वर्षं, तेही नियमाने. इंजिन, प्रॉपेलर, उपकरणं धरून खर्च लाख डॉलरच्या पुढे. कानाला मफ पहिल्या दिवसापासून वापरा, मी उशिरा सुरू केलं आणि आता डाव्या कानाला टीव्ही मोठा लागतो.

आणि अगदीच एकट्याने करायचं असेल तर, हे वर सांगायला हवं होतं, पॉप रिव्हेटवालं किट घ्या. व्हॅन्सचं आरव्ही-१२, झेनिथचं सीएच-७५०, यांचं बहुतेक काम पत्र्याच्या एकाच बाजूने होतं, पलीकडे कोणी लागत नाही. चांगली विमानं आहेत. मला त्यात गोडी वाटत नाही, पण तो माझा प्रश्न.

त्या रिव्हेटचं म्हणाल तर, ऑशकॉशहून परतताना साडूंनी डोक्याचा तुकडा मागून घेतला. चंद्रकोरवाला. तो त्यांच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे, आल्यागेल्याला दाखवतात. कललेलं शेपूट माझ्याकडे, देवघराच्या खणात, व्हिक्सच्या डबीत. मागच्या दिवाळीत व्हिडिओवर म्हणाले, दादा, या एकदा, बसवतो विमानात, येताना लिला चिवडा आणि ते शेपूट घेऊन या. चिवडा नेईन म्हणालो.

मकरपुरा किंवा मांजलपूर बाजूला राहत असाल तर कळवा. ओहायोहून येताना एक डॉली आणली आहे, तशीच पडून आहे. ती तुम्ही धरायची, गन मी धरणार.